सुवर्ण तबकडी : संग्रहवस्तू आणि ऐतिहासिक साधन

प्रस्तावना :
ध्वनिमुद्रिकेच्या विक्रीने ठरावीक टप्पा गाठल्यावर दिली जाणारी, काचेच्या चौकटीत बसविलेली सोनेरी तबकडी ही संगीतप्रेमी संग्राहकांच्या विशेष आवडीची वस्तू आहे. तिच्याकडे केवळ शोभेची वस्तू म्हणून न पाहता ऐतिहासिक साधन म्हणून पाहता येईल काय, आणि तसे पाहताना कोणती दक्षता घ्यावी, याचा अमेरिकेतील तबकड्यांच्या आधारे थोडक्यात परामर्श घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

परंपरेचा उगम :
१० फेब्रुवारी १९४२ रोजी आरसीए व्हिक्टर कंपनीने वाद्यवृंदप्रमुख ग्लेन मिलर यांना ‘चॅटनूगा चू चू’ या गीताच्या १२ लाख प्रतींच्या विक्रीबद्दल सोनेरी मुलाम्याची ध्वनिमुद्रिका अर्पण केली. हा कंपनीने स्वतःच केलेला गौरव होता. त्यामागे त्रयस्थ तपासणी नव्हती. ही उणीव रेकॉर्डिंग इंडस्ट्री असोसिएशन ऑफ अमेरिका या संघटनेने १९५८ मध्ये प्रमाणपत्र योजना सुरू करून दूर केली. त्या वर्षी पेरी कोमो यांचे ‘कॅच अ फॉलिंग स्टार’ हे पहिले प्रमाणित सुवर्णगीत ठरले. दीर्घ ध्वनिमुद्रिकेसाठी आरंभी १० लाख डॉलरच्या घाऊक विक्रीची अट होती. १९७५ मध्ये तिला ५ लाख प्रतींच्या अटीची जोड मिळाली. १९७६ मध्ये १० लाख प्रतींसाठी प्लॅटिनम, तर १९९९ मध्ये १ कोटी प्रतींसाठी डायमंड हा दर्जा निर्माण झाला.

वस्तूचे स्वरूप व पारख :
या तबकडीत सोने नसते; असतो तो केवळ सोनेरी मुलामा. इतकेच नव्हे, तर अनेकदा आतील तबकडी त्या गीताचीही नसते. कारखान्यात हाताशी असलेल्या तबकडीवर मुलामा देऊन वर योग्य नामपट्टी चिकटविली जात असे. त्यामुळे नामपट्टीवरील गीतांची संख्या व तबकडीवरील पट्ट्यांची संख्या जुळत नाही, एवढ्यावरून ती बनावट ठरत नाही. पारख करावी लागते ती चौकटीची. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तबकडी पांढऱ्या कापडी अस्तरावर बसविली जाई. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून संघटनेचा होलोग्राम आढळतो. जुन्या वर्षाच्या चौकटीवर होलोग्राम असल्यास ती नंतर तयार झाली, असे अनुमान निघते. एकाच गीतासाठी कलावंत, निर्माते, आकाशवाणी केंद्रे अशा अनेकांना तबकड्या दिल्या जात. म्हणून ‘कोणास अर्पण’ हे दर्शविणारी पट्टी आणि वस्तूच्या हस्तांतराचा पुरावा यांवर तिचे मूल्य अवलंबून असते.

साधन म्हणून मर्यादा :
प्रमाणपत्र आपोआप मिळत नाही. कंपनीने अर्ज करून शुल्क भरावे लागते व हिशेब तपासू द्यावे लागतात. मोटाऊन या कंपनीने १९६० च्या दशकात हे केले नाही. परिणामी द सुप्रीम्ससारख्या तिच्या अत्यंत लोकप्रिय कलावंतांच्या तत्कालीन गीतांना त्या काळी अधिकृत सुवर्ण दर्जा मिळाला नाही. कृष्णवर्णीय कलावंतांच्या लोकप्रियतेचे मोजमाप केवळ तबकड्यांवरून करणारा अभ्यासक येथे निश्चित फसेल. शिवाय निकषही स्थिर नाहीत : २०१६ पासून दीर्घ ध्वनिमुद्रिकेच्या बाबतीत १,५०० ऑनलाइन श्रवणे एका प्रतीसमान धरली जातात. त्यामुळे १९७६ ची व आजची प्लॅटिनम तबकडी यांची थेट तुलना सयुक्तिक ठरत नाही.

समारोप :
सारांश, सुवर्ण तबकडी असणे हा विक्रीचा पुरावा ठरू शकतो. मात्र ती नसणे हा विक्री नसल्याचा पुरावा नव्हे. साधन कोणी, कोणत्या निकषावर व कोणत्या हेतूने निर्माण केले, हा इतिहासलेखनातील मूलभूत प्रश्न विद्यार्थ्यांना समजावून देण्यासाठी ही चौकटबंद तबकडी शिलालेख वा ताम्रपटाइतकीच उपयुक्त ठरेल, असे वाटते.