विश्लेषण : सत्तरीतला रॉक गायक मंचावर येतो, तेव्हा काय ऐकायला मिळते? मुरुडहून मुंबईची वाट धरण्यापूर्वी हे वाचा

मुरुड (जि. लातूर) : परदेशी रॉक गायकाचा कार्यक्रम हा एकेकाळी फक्त मुंबईकरांचा विषय होता. तिकीटविक्री मोबाइलवर आल्यापासून मुरुडमध्ये बसूनही मुंबईतल्या कार्यक्रमाचे तिकीट काढता येते. मात्र तिकीट, प्रवास आणि मुक्काम धरला तर खर्च मोठा होतो. एवढे करून ‘आवाज पहिल्यासारखा राहिला नाही’ अशी खंत घेऊन परतायचे नसेल, तर काही गोष्टी आधीच माहीत असलेल्या बऱ्या. त्यासाठी ब्रिटिश गायक स्टिंग यांचे उदाहरण उपयोगी पडते.

स्टिंग यांचेच उदाहरण का?

स्टिंग यांचे मूळ नाव गॉर्डन सम्नर. जन्म २ ऑक्टोबर १९५१. ‘द पोलिस’ या बँडसोबत ते १९८० मध्ये मुंबईत गायले, तेव्हा ते २८ वर्षांचे होते. जानेवारी २०२४ मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर झालेल्या ‘लोलापालूझा इंडिया’ महोत्सवात ते पुन्हा मुंबईत गायले, तेव्हा वय होते ७२. शहर तेच, गायक तोच. मध्ये जवळपास ४४ वर्षांचे अंतर. ज्येष्ठ गायकाचे तिकीट काढताना हे अंतर ध्यानात ठेवावे लागते.

आवाज रेकॉर्डिंगसारखाच असेल का?

बहुतेक वेळा नाही. वय वाढते तसे स्वरतंतूंची लवचिकता कमी होते. सर्वात आधी त्रास होतो तो वरच्या सुरांना. म्हणून अनेक ज्येष्ठ गायक जुनी गाणी खालच्या पट्टीत गातात. मराठवाड्यातल्या श्रोत्याला हे नवे नाही. सप्ताहात वयस्कर गायक पेटीवाल्याला पट्टी उतरवायला सांगतात. काळी दोनमध्ये गाणारा काळी एकवर येतो. अभंग तोच राहतो.

रॉकमध्ये मात्र एक अडचण असते. गिटारच्या अनेक प्रसिद्ध सुरावटी मोकळ्या तारांवर बेतलेल्या असतात. पट्टी बदलली की बोटांची जागा बदलते आणि त्या सुरावटीचा नाद हरवतो. त्यावर उपाय म्हणून काही बँड गिटारच्या सर्वच तारा अर्ध्या स्वराने सैल करतात. वादकाची बोटे नेहमीच्या जागी राहतात, गाणे मात्र खाली येते. याशिवाय वरच्या जागा साथीचे गायक घेतात, कधी त्या प्रेक्षकांकडून गाऊन घेतल्या जातात. ‘लेड झेपलिन’चे रॉबर्ट प्लांट यांनी तर जुन्या गाण्यांची चालच नव्याने बांधण्याचा मार्ग धरला. ही फसवणूक नव्हे. आजच्या आवाजाला झेपेल असे गाणे उभे करणे हीसुद्धा कलाच आहे.

‘वन्स मोअर’ मिळतो का?

संगीत नाटकातला वन्स मोअर प्रेक्षक मागायचे आणि तेच पद पुन्हा रंगायचे. रॉक मैफलीतला ‘एन्कोर’ वेगळा असतो. गायक निरोप घेऊन आत जातो, टाळ्या सुरूच राहतात, तो परत येतो आणि राखून ठेवलेली गाणी गातो. हे बहुतेक वेळा आधीच ठरलेले असते. त्यामुळे पहिल्या निरोपाला गेटकडे धावू नये. महोत्सवात मात्र प्रत्येकाला वेळ बांधून दिलेली असते. गायकाच्या स्वतंत्र कार्यक्रमापेक्षा तिथे गाणी कमी होतात, म्हणून तिकीट महोत्सवाचे आहे की एकाच गायकाच्या कार्यक्रमाचे, हे आधी पाहावे.

दहा वाजता आवाज का बंद होतो?

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकते; पण हे दिवस मुख्यतः गणेशोत्सव, नवरात्र, जयंत्या अशा प्रसंगांसाठी जातात. त्यामुळे मैदानावरचा कार्यक्रम बहुधा वेळेवर सुरू होतो आणि दहाच्या आत संपतो. ‘आपल्याकडे कुठे वेळेवर सुरू होते’ या भरवशावर उशिरा पोहोचलात, तर अर्धी गाणी हुकतील. गर्दीतून बाहेर पडायलाही बराच वेळ लागतो. त्याच रात्री लातूरची गाडी धरण्याचा बेत करू नये.

उभे कुठे राहावे?

ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मंचापासून १०० मीटरवर उभे असाल, तर मंचावरचा सूर जवळपास ०.३ सेकंद उशिरा पोहोचतो. पडद्यावरचे ओठ पुढे आणि गाणे मागे वाटते. म्हणून मैदानाच्या मध्यावर वेगळे स्पीकर लावून त्यांचा आवाज मुद्दाम तेवढाच उशिरा सोडतात, म्हणजे दोन्हीकडचा सूर एकत्र ऐकू येतो. ध्वनितंत्रज्ञ मैदानात जिथे मिक्सर घेऊन बसतो, त्याच्या आसपास आवाज सर्वात समतोल मिळतो. तो त्याच जागेवरून ऐकत आवाज जुळवत असतो.

कानांचे काय?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा ठिकाणांसाठी सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली. स्पीकरच्या अगदी पुढे उभे राहणे टाळावे आणि फोमचे इअरप्लग खिशात ठेवावेत. त्यांनी गाणे बंद होत नाही, फक्त जोर कमी होतो. कार्यक्रमानंतर कानात शीळ घुमत असेल, तर तो कानांवर ताण आल्याचा इशारा समजावा. दुसऱ्या दिवशीही ती थांबली नाही, तर डॉक्टरांना दाखवावे.

जाण्यापूर्वी काय करावे?

जुनी रेकॉर्डिंग सगळ्यांनी ऐकलेली असतात. निघण्याआधी त्या गायकाच्या गेल्या एक-दोन वर्षांतल्या कार्यक्रमांचे व्हिडिओ पाहावेत. आजचा आवाज आवडला, तर तिकीट काढावे. तोच आवाज मैदानावर ऐकायला मिळणार आहे.