गॅलरी कुणाच्या कार्पेटात?

फणसवाडीतल्या आमच्या चाळीत पुनर्विकासासाठी मापं घ्यायला दोन तरुण आले, तेव्हा आईने आधी त्यांना चहा दिला आणि मग विचारलं, "अरे, मोरी धरणार ना?" मोरी धरली. पोटमाळ्यावरून थोडी हुज्जत झाली. खोली भरली १७८ चौरस फूट. टेप गुंडाळत दोघं बाहेर गॅलरीत आले, पण तिथे टेप काही उघडला नाही. "काकू, ही कॉमन. कार्पेटमध्ये येत नाही."

ज्या गॅलरीत आमचे पापड वाळले, पाढे पाठ झाले, आजोबांना शेवटचं निजवलं, ती कागदावर कुणाचीच नव्हती. त्या दिवसापासून मी गिरगावातल्या जागांचे कायदे वाचू लागलो. वाचता वाचता लक्षात आलं, की आपण ज्याला गिरगावचं 'शेजारपण' म्हणतो, ते नुसत्या माणसांच्या स्वभावातून आलेलं नाही. त्यामागे भाड्याचा एक जुना कायदा आहे. आपली माणसं जोडून ठेवली त्यानेच, आणि आपली घरं पोखरली तीही त्यानेच.

बागांच्या जागी बिऱ्हाडं

गिरगावातल्या पत्त्यांत अजून झाडं आहेत. फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, कांदेवाडी. मुगभाट, बोरभाट यांतला 'भाट' म्हणजे बागायत, हे कोकण-गोव्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. मलबार हिलच्या पायथ्याशी असलेल्या या वाड्यांत एकोणिसाव्या शतकात वस्ती दाटत गेली. खोताच्या वाडीत ईस्ट इंडियन कुटुंबांनी लाकडी जिन्यांची, व्हरांड्यांची बसकी घरं बांधली. आजूबाजूला चाळी उठल्या. त्यांत फोर्टातल्या कचेऱ्यांत कारकुनी करणारे, शाळामास्तर, छापखान्यातले, दुकानांतले लोक राहायला आले. ट्रॅमच्या, नंतर बसच्या अंतरावर नोकरी आणि चालत जाण्याच्या अंतरावर बाकी सगळं, ही गिरगावची खरी किंमत होती.

चाळीची बांधणी साधी. मधे चौक, भोवती मजले, मजल्याला गॅलरी, गॅलरीला ओळीने खोल्या. ही रचना स्वस्त पडते म्हणून केलेली, पण तिच्यात आपसूक एक प्रेक्षागृह तयार झालं. चौकात कुणी उभा राहून बोलू लागला, की तिन्ही मजले कठड्याला रेलून ऐकणार. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो आणि १९०१ साली लोकमान्य तिथे येऊन गेले. शांताराम चाळीच्या आवारात राजकीय सभा गाजल्या, त्याही या रचनेमुळे. सभागृहाचं भाडं भरावं लागत नव्हतं आणि श्रोते घरातच होते.

इथे गळा काढायचा मोह होतो, तो आवरायला हवा. सार्वजनिक संडासाची रांग, पहाटे चारला येणारं पाणी आणि ते भरणाऱ्या बायका, एका खोलीत तीन पिढ्या, लग्न झालेल्या मुलाने गॅलरीत झोपायचं, हेही चाळीचंच जिणं. कित्येक चाळी जात बघून खोली देत. शेजार होता, पण तो सगळ्यांसाठी नव्हता.

१ सप्टेंबर १९४०

मुंबईत भाड्यावर पहिला लगाम १९१८ साली आला, पहिल्या महायुद्धाच्या महागाईत. दुसऱ्या महायुद्धाने तो पुन्हा आणला आणि १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने पुढे चालू ठेवला. कायद्याने एक तारीख पकडली : १ सप्टेंबर १९४०. त्या दिवशी जागेचं जे भाडं होतं, तेच 'प्रमाण भाडं'. करांपुरती वाढ चालेल, बाकी नाही. फाळणीनंतर लोंढेच्या लोंढे शहरात येत होते; भाडेकरूला रस्त्यावर काढू नये हा हेतू योग्यच होता. कायदा तात्पुरता म्हणून आला आणि मुदतवाढी घेत पन्नास वर्षं राहिला.

आईच्या पत्र्याच्या डब्यात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या भाडेपावत्या आहेत. त्यातली १९६२ सालची एक गुलाबी पावती माझ्यासमोर आहे : १४ रुपये २५ नये पैसे. त्यानंतर दूध, डाळ, रेल्वेचा पास, सोनं, सगळं किती पटीने चढलं ते वाचकांना ठाऊक आहे. आमचं भाडं मात्र, कर आणि उपकर धरून, आजही चारशे रुपयांच्या आत आहे.

मालकाच्या बाजूने बघा. साठ खोल्यांच्या भाड्यात एका जिन्याची डागडुजीही होत नाही, तर तो गिलावा कशाला करील? आणि भाडेकरूने तरी दुसऱ्याच्या भिंतीवर पैसा का घालावा? तुळया कुजत गेल्या, कारण त्या कुणाच्याच नव्हत्या. १९७३ साली कायद्यात दुरुस्ती होऊन १ फेब्रुवारीला जागेत असलेल्या परवानाधारकांनाही भाडेकरूचं संरक्षण मिळालं, तेव्हा उरलेसुरले मालकही जागा भाड्याने द्यायला कचरू लागले. भाड्यासाठी इमारत बांधणं हा धंदाच संपला. 'ओनरशिप'चा जमाना आला.

पागडी : कुणाचंच पूर्ण नाही

भाडं गोठलं, पण जागेची किंमत गोठत नाही. ती दुसऱ्या दाराने आत आली. या दाराचं नाव पागडी. खोली सोडणारा भाडेकरू येणाऱ्याकडून बाजारभावाच्या जवळपासची रक्कम घेणार, त्यातला ठरलेला हिस्सा, बहुधा तिसरा, मालकाला देणार आणि मालक पावतीवर नवं नाव घालणार. १९४७ च्या कायद्याने हा गुन्हा होता. तरी अर्ध्या शहराने तो केला, तेही मालकाच्या मेहतांसमोर, चहा पीत.

पागडीने एक विचित्र प्राणी जन्माला घातला, अर्धा मालक. तो खोली विकू शकतो, पण ती त्याची नाही. मालकाकडे सात-बारासारखा पक्का कागद आहे, पण खोलीत पाऊल ठेवायचा हक्क नाही. ही अर्धवट मालकी शेजाराला मात्र मानवली. जागा विकून निघून जाण्यात फार फायदा नाही आणि राहण्यात फार खर्च नाही, म्हणून माणसं चार-चार पिढ्या राहिली. विधवा बाई, पेन्शनर, न चालणारं दुकान, दहा माणसं येणारं ग्रंथालय, सगळ्यांना शहराच्या ऐन मध्यावर टिकून राहता आलं. माणूस पन्नास वर्षं त्याच गॅलरीत असेल, तरच त्याच्याकडे किल्ली ठेवून गावाला जाता येतं.

सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या डिसेंबरात, मलपे विश्वनाथ आचार्य खटल्यात, हे गोठवलेलं भाडं आता अवाजवी आणि मनमानी ठरलं असल्याचं सांगितलं. मग महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली, पागडीला कायदेशीर केलं आणि बँका, सरकारी उपक्रम, एक कोटी वा अधिक भांडवलाच्या कंपन्या यांचं संरक्षण काढलं. सव्वाचौदा रुपयांवर चार टक्के म्हणजे सत्तावन्न पैसे. मालकाचं दुखणं त्याने बरं होणार नव्हतं.

उपकर

इमारती पडू लागल्यावर सरकारने बेडेकर समिती नेमली आणि १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ उभं केलं. रहिवाशांकडून उपकर घ्यायचा आणि त्यातून दुरुस्ती करायची. तेव्हा शहर विभागात १९,६४२ उपकरप्राप्त इमारती होत्या; त्यांपैकी १६,५०२ 'अ' वर्गातल्या, म्हणजे सप्टेंबर १९४० पूर्वीच्या. पुढे मंडळ म्हाडात गेलं. टेकू लावणं, तुळई बदलणं, गिलावा मारणं आणि फारच झालं तर संक्रमण शिबिर. या शब्दातलं 'संक्रमण' काही कुटुंबांच्या बाबतीत तीस-तीस वर्षं चाललं.

१९८६ साली म्हाडा कायद्यात आठ-अ हे प्रकरण घातलं गेलं. सत्तर टक्के रहिवासी एकत्र आले, तर मालकाला मासिक भाड्याच्या शंभर पट देऊन इमारत संपादित करता येईल. आमच्या खोलीचे, त्या गुलाबी पावतीच्या दराने, १,४२५ रुपये! मालकांची संघटना न्यायालयात गेली. 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती' यात प्रत्येक खाजगी मालमत्ता येते का, हा राज्यघटनेच्या ३९(ब) मधला प्रश्न मुंबईच्या या मोडक्या चाळींमधून सर्वोच्च न्यायालयात पोचला आणि नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने सांगितलं : प्रत्येक नाही.

तोवर पावसाळे थांबले नव्हते. ऑगस्ट २०१७ मध्ये पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत पडून तेहतीस जण गेले. जुलै २०१९ मध्ये डोंगरीतली केसरबाई इमारत कोसळली. गिरगावात त्या दिवसांत रात्री माती झडल्याचा आवाज आला, की अख्खा मजला उठून बसे.

तेहतीस-सात

चाळकरी आज 'तेहतीस-सात' असं म्हणतात, ते विकास नियंत्रण नियमावलीतलं, जुन्या उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासाचं कलम ३३(७). त्याचा ढोबळ हिशेब असा. खोली कितीही लहान असो, जुन्या भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट कार्पेट, फुकट आणि मालकीचं. त्यावर पस्तीस टक्के फंजिबल, म्हणजे वाढीव क्षेत्र, धरलं तर ४०५. साठ खोल्यांचे झाले मूळ १८,००० फूट. एकाच भूखंडावर बांधलं, तर याच्या पन्नास टक्के, म्हणजे ९,००० फूट बिल्डरला विक्रीसाठी. सहा किंवा जास्त भूखंड जोडले, तर सत्तर टक्के, म्हणजे १२,६००. आपल्या चाळीशेजारच्या दोन इमारतींनाही एकदम पत्रं का येतात, याचं उत्तर या आकड्यांत आहे.

सूत्राची गंमत अशी, की भाडेकरू जितके जास्त, तितकी विक्रीची जागा जास्त. खोल्यांच्या मधे रातोरात पार्टिशनं उभी राहू नयेत म्हणून नियमाने १३ जून १९९६ ही तारीख धरली. त्यानंतरचा भाडेकरू मोजत नाहीत. ज्याला अर्ध्या शतकात कुणी विचारलं नाही, त्या भाडेपावतीला एकाएकी सोन्याचा भाव आला. पत्र्याचे डबे माळ्यावरून खाली उतरले. अमेरिकेतल्या पुतण्यांचे फोन आले.

गिरगाव बदलतंय ते वरून आणि खालूनही. मेट्रो-३ साठी कालबादेवी-गिरगावातल्या काही इमारती पाडल्या, रहिवाशांना त्याच भागात जागा देण्याचं ठरलं आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये गिरगाव स्थानक सुरू झालं. आता विक्रीच्या फ्लॅटच्या जाहिरातीत 'मेट्रो दारात' असं छापतात. नव्या इमारतीला बहुतेक दोन विंग असतात, एक आपली, एक 'सेल'ची. गेटही बऱ्याचदा वेगळी.

नवं भाडं

आमच्या चौकात बिल्डरबरोबरच्या करारावर चार रविवार बैठका झाल्या. संक्रमण काळातलं भाडं किती, कॉर्पस, म्हणजे देखभालीसाठीची एकरकमी रक्कम, किती, पार्किंग मिळणार का, ओसीशिवाय (भोगवटा प्रमाणपत्राशिवाय) ताबा घ्यायचा का, सगळं खणून विचारलं गेलं. गणपती कुठे बसणार, हे विचारलं तेव्हा आर्किटेक्टने नकाशावर पोडियमचा एक कोपरा दाखवला. गॅलरीचं कुणी विचारलं नाही. नकाशात तिच्या जागी लिफ्टसमोरची लॉबी होती, चार बंद दारांची.

कुणाला ४०५ फूट नकोत? संडास घरात हवा, पाणी चोवीस तास हवं, डोक्यावर छत पडू नये. यात गैर काहीच नाही. पण जुना शेजार टिकला तो राहण्याचा खर्च जवळजवळ शून्य होता म्हणून. नव्या घरात मालक कुणी नाही, पण दर महिन्याला मेंटेनन्स आहे : लिफ्ट, पंप, अग्निशमन, वॉचमन. तो वाढायला कायद्याची चार टक्क्यांची अट नाही. बैठकीत कुणीतरी म्हणालं, "विकून डोंबिवलीत दोन घेऊ." कुणी हसलं नाही; हिशेब सगळ्यांनीच मनात केला होता.

त्या रात्री आईने डबा काढला. गुलाबी पावती उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहिलं : ४०५ गुणिले १२ रुपये, ४,८६०. बिल्डरने अंदाजे सांगितलेला दर तो. पुढच्या बाजूला छापलेलं होतं १४ रुपये २५ नये पैसे.

"कॉर्पसच्या व्याजात दहा वर्षं निघतील म्हणतात," मी म्हटलं.

तिने पावती पुन्हा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली. "दहा माझी झाली. पुढचं तुझं तू बघ." मग दार उघडं ठेवून ती गॅलरीत पापड उचलायला गेली.