‘गुन्हा कबूल’ म्हणण्यापूर्वी



नौपाड्यातल्या दुकानदाराला ठाण्याचे कोर्ट लांब नाही. चेक परत गेला किंवा वजनमापाचा खटला झाला की समन्स येते. मग कोणीतरी सल्ला देतो, “तारखांवर तारखा कशाला? गुन्हा कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा.” धंद्याचा दिवस वाचतो, हे खरे. पण त्याने कोणता दरवाजा बंद होतो, तेही पाहावे.

कबुलीवरून शिक्षा झाली, तर ‘मी निर्दोष आहे’ असे सांगण्यासाठी अपील करता येत नाही. मॅजिस्ट्रेट किंवा सेशन्स कोर्टाने शिक्षा दिली असेल, तर फक्त ती जास्त आहे किंवा बेकायदा आहे, एवढ्यापुरतेच अपील चालते. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हा नियम कलम 375 मध्ये होता. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत तो कलम 416 मध्ये आहे.

कबुली दिली म्हणजे शिक्षा हलकीच होईल, असेही नाही. ‘मुरलीधर मेघराज लोया विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा 1976 चा खटला तेलातील भेसळीचा होता. व्यापाऱ्यांनी गुन्हा कबूल केला, खालच्या कोर्टाने सौम्य शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने ती वाढवली. अशा सौद्यांवर सर्वोच्च न्यायालयाने कडक टीका केली.

मग काहीच मार्ग नाही का? आहे, पण अरुंद. आरोप समजावला नसेल, किंवा आमिष वा दबावाने ‘हो’ म्हणवून घेतले असेल, तर ती खरी कबुलीच नव्हे, असे वरच्या कोर्टात मांडता येते. गुजरातच्या एका भेसळीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये सौद्याच्या कबुलीवरची शिक्षा रद्द करून खटला पुन्हा चालवायला सांगितले. म्हणूनच कबुली आरोपीच्या शक्यतो स्वतःच्या शब्दांत लिहून घ्यावी, असा नियम आहे. 2006 पासून कायद्याने मान्य झालेल्या कबुली-तडजोडीत मात्र निकालावर अपीलच नाही; उच्च न्यायालयात रिट किंवा सर्वोच्च न्यायालयात विशेष परवानगी, एवढेच उरते.

चेकच्या खटल्यात एक फरक नीट ध्यानात ठेवा. पैसे देऊन फिर्यादीशी कायदेशीर तडजोड झाली, तर परिणाम निर्दोष सुटल्यासारखा होतो. ‘गुन्हा कबूल’ म्हटले, तर तुम्ही दोषी ठरता. रक्कम तीच, पण नावापुढचा शिक्का वेगळा.

तेव्हा आरोपाचा कागद आपल्याला कळणाऱ्या भाषेत वाचून घ्या. मराठी नीट येत नसेल तर तसे न्यायाधीशांना सांगा, त्यात लाज नाही. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करा. शिक्षेविरुद्ध सेशन्स कोर्टात जायचे असेल, तर साधारण 30 दिवसांची मुदत असते.

चूक झाली असेल तर इमानदारीने कबूल करावी. पण न केलेल्या गुन्ह्याला सोयीसाठी ‘हो’ म्हणणे, ही स्वतःविरुद्ध दिलेली खोटी साक्षच आहे. अल्लाह सर्वांच्या रोजीत बरकत देवो.