हंसा : चंद्रपूरच्या उन्हात पांढरं विमान का हवं?

चंद्रपूर, गडचिरोलीत मे महिन्यात पारा सहज ४५ अंशांच्या पुढे जातो. हलक्या विमानासाठी ही मोठी परीक्षा! १५ अंशांच्या मानाने ४५ अंशांना हवा सुमारे १० टक्के विरळ होते. मग पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाची ताकद घटते आणि उड्डाणासाठी लांब धाव घ्यावी लागते. चंद्रपूरजवळच्या मोरव्यासारख्या धावपट्टीवर हे गणित आधी मांडावंच लागतं.

अशा वेळी कमी वजन फार मोलाचं. बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेचं ‘हंसा’ हे दोन आसनी प्रशिक्षण विमान म्हणूनच अभ्यासण्यासारखं आहे. पहिलं उड्डाण १९९३ सालचं. याचा सांगाडा काचतंतू आणि कार्बनतंतूंच्या हलक्या काँपोझिटचा. जिथे ताण जास्त, तिथे तंतूंचे थर वाढवता येतात. पृष्ठभागही रिव्हेटशिवाय गुळगुळीत मिळतो, त्यामुळे हवेचा रोध घटतो.

पण तंतूंना बांधून ठेवणारं रेझिन ठरावीक तापमानानंतर मऊ पडू लागतं. उन्हात उभ्या गडद विमानाची कातडी हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. काँपोझिट विमानं बहुतेक पांढरी असतात, ती याचसाठी.

नवी आवृत्ती ‘हंसा-३ एनजी’ सप्टेंबर २०२१ मध्ये उडाली. शेजारी-शेजारी आसनं, डिजिटल नियंत्रणाचं रोटॅक्स इंजिन, डिजिटल पडद्यांचं कॉकपिट आणि विजेवर चालणारे फ्लॅप ही तिची वैशिष्ट्यं. २०२५ मध्ये तिच्या उत्पादनासाठी मुंबईच्या पायोनियर क्लीन अ‍ॅम्प्स कंपनीची निवड झाली.