जपानची चव आणि जपानचा नकाशा

जपानला जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे हमखास विचारला जाणारा पहिला प्रश्न म्हणजे, "तिथे खाल्लेत काय?" आणि उत्तराची वाट न पाहता विचारणाराच पुढे म्हणतो, "कच्चे मासेच ना!" हा समज इतका रुजलेला आहे की तो एका लेखाने जाईल असा भ्रम मला नाही. तथापि भूगोलाचा अध्यापक म्हणून दोन वेळा त्या देशात हिंडताना माझ्या ध्यानात आले ते असे, की आपण ज्याला सरसकट 'जपानी जेवण' म्हणतो ते जपानी माणसाच्या मनात गावागावांचे असते. प्रत्येक खोऱ्याचे, बंदराचे, घाटाचे एखादे 'मेइबुत्सु' असते, म्हणजे त्या स्थळाची नावाजलेली वस्तू. आणि ती चाखल्यावाचून प्रवासी परतत नाही. २००७ साली तिथल्या कृषी मंत्रालयाने अशा ग्रामीण पदार्थांची शंभरांची यादी करावयास घेतली आणि नव्याण्णवांवर थांबवली. शंभरावी जागा ज्याने त्याने आपल्या आवडत्या पदार्थासाठी ठेवावी, अशी ती योजना. सरकारी यादीत इतका शहाणपणा क्वचित आढळतो.

प्रवाशापुढचा खरा प्रश्न असा की हे पदार्थ मिळणारी खानावळ शोधायची कशी? टोकियोपुरते बोलायचे तर २००७ पासून मिशलिनची तारांकित पुस्तिका आहे, आणि हल्ली फोनवर हजारो गिऱ्हाइकांनी दिलेले गुणही पाहता येतात. (जपानी गिऱ्हाईक गुण देण्यात आपल्या विद्यापीठाच्या परीक्षकांपेक्षाही कंजूष. पाचपैकी साडेतीन मिळाले म्हणजे ते दुकान उत्तम समजावे.) परंतु लहान गावात या साधनांचा मला फारसा उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो नकाशाचा. गावी उतरण्यापूर्वी मी स्वतःला विचारीत असे : या गावाजवळ काय मुबलक होते आणि काय कमी होते? या प्रश्नाचे उत्तर बहुधा वाडग्यात सापडते.

सर्वांत मोठी रेघ देशाच्या मधोमध जाते. सेकिगाहारा हे गाव इतिहासाच्या विद्यार्थ्यांना १६०० सालच्या लढाईमुळे माहीत असते. साधारण याच गावाच्या आसपास जपानी रश्श्याची सीमा मानतात. तिच्या पूर्वेस टोकियोकडे उदोनचा (म्हणजे गव्हाच्या जाड शेवयांचा) रस्सा काळसर, सोयाच्या गडद रसाचा आणि सुकवलेल्या कात्सुओ माशाचा. हा मासा आपल्याकडच्या कुप्प्याच्या कुळातला. पश्चिमेस ओसाका-क्योतोकडे तोच रस्सा इतका फिका की तळाच्या शेवया दिसाव्यात. तो कोंबू नावाच्या समुद्रवनस्पतीच्या जाड पट्ट्या भिजवून काढतात आणि त्यात तात्सुनो गावचा फिक्या रंगाचा सोया घालतात. रंग फिका म्हणून मीठ कमी असेल असे समजू नये; गडद सोयापेक्षा त्यात मीठ थोडे अधिकच असते. गंमत अशी की कोंबू पश्चिमेत उगवत नाही. तो येतो उत्तरेच्या होक्काइदो बेटावरून. एदो काळात 'कितामाएबुने' नावाची व्यापारी गलबते जपानच्या समुद्राकाठाने खाली उतरून, शिमोनोसेकीला वळसा घालून तो ओसाकाला आणीत. ज्या शहरात तो पोचला तिथला रस्सा त्याचा झाला. १९७६ साली बाजारात आलेला दोनबेइ हा तयार उदोनचा पेला आजही पूर्वेत एका चवीचा आणि पश्चिमेत दुसऱ्या चवीचा विकतात. मी दोन्ही विकत घेऊन एकाच रात्री शेजारी ठेवून खाल्ले. व्यापारी मार्गांवरचे एक व्याख्यान वाचले!

आता शिकोकू बेटावरचा कागावा जिल्हा पाहा. क्षेत्रफळाने देशातला सर्वांत लहान. उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे डोंगर असल्यामुळे पावसाळी वारे इथे पोचेपर्यंत कोरडे होतात, नद्या आखूड. म्हणून लोकांनी हजारो तळी बांधली. त्यांतल्या मान्नो तलावाची दुरुस्ती ८२१ साली कूकाइ या बौद्ध आचार्यांच्या देखरेखीखाली झाली. भातशेतीला पाण्याची ही ओढाताण, पण हिवाळ्यात गहू चांगला येई. मीठ आणि बारीक सुकी मासळी पुढच्या समुद्रातून, सोया शोदोशिमा बेटावरून. सानुकी उदोन (सानुकी हे या प्रदेशाचे जुने नाव) तयार व्हायला आणखी काय हवे? आज तिथले बहुतेक पीठ ऑस्ट्रेलियन गव्हाचे असते हेही सांगितले पाहिजे. हात मात्र तिथलेच आहेत.

तिथली दुकाने म्हणजे मुळात शेवयांचे कारखाने. गिऱ्हाइकाला बसवून वाढायची सोय नंतरची. मी गेलो त्या दुकानाला पाटी नव्हती. भातखाचरांच्या कडेला एक पत्र्याची शेड आणि चिमणीतून येणारी वाफ, एवढीच खूण. सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि रांग लागलेली होती. वाडगे आपण उचलायचे, लहान की मोठे ते सांगायचे, मिळालेल्या शेवया जाळीत घालून उकळत्या पाण्यात आपणच गरम करायच्या, तोटी सोडून रस्सा घ्यायचा, वर कांद्याची पात आणि किसलेले आले. पैसे देऊन उभ्याउभ्या खायचे. माझ्या पुढे एक टपाल वाटणारा गृहस्थ होता, त्याचे काम चार-पाच मिनिटांत आटोपले. शेवया संपल्या की दुकान बंद; मग दुपारचा एक वाजलेला असो की बारा. १९८८ मध्ये सेतो पूल झाला, त्याआधी मुख्य भूमीवरून इकडे येणारी माणसे रेल्वेच्या बोटीने येत आणि बोटीच्या डेकवरच उदोन खात. गाव लागण्याआधी गावाची चव लागत असे. पूल झाला, प्रवास सोपा झाला, आणि ते वाडगे गेले.

निइगाता भागातला 'हेगी सोबा' मला याहून आवडला, आणि त्याचे कारण जिभेपेक्षा डोक्याशी निगडित आहे. सोबा म्हणजे उत्तर हिंदुस्थानात ज्याला कुट्टू म्हणतात त्या धान्याच्या शेवया. हे पीठ चिकट नसल्यामुळे शेवया तुटतात. म्हणून बहुतेक ठिकाणी त्यात गव्हाचे पीठ मिसळतात. ओजिया आणि तोकामाची या गावांत ते बांधायला फुनोरी नावाचे समुद्रशैवाल घालतात. डोंगराळ, बर्फाच्या मुलखात हे शैवाल आले कुठून? तर मागावरून. ही विणकरांची गावे. ओजियाचे चिजिमी कापड २००९ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. ताण्याच्या सुताला खळ देण्यासाठी फुनोरी घरोघर असेच. तीच खळ पिठात गेली! वाढतानाही शेवयांच्या लहान लहान लडी करून लाकडी तबकात मांडतात, आणि त्या सुताच्या लडींसारख्या दिसतात. सोबत वासाबीऐवजी मोहरी, कारण त्या बाजूला वासाबी होत नसे. एका तबकात एवढा इतिहास मला दुसरीकडे कुठे मिळाला नाही.

घाट आणि खाणे यांचे नाते मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. कर्जतला गाडीला घाटाचे इंजिन जोडेपर्यंत आपण बटाटेवडा खात आलो आहोत. अगदी याच न्यायाने, उसुइ घाटाच्या पायथ्याच्या योकोकावा स्थानकावर गाड्यांना जादा इंजिने जोडीत आणि त्या थांब्यात फलाटावर १९५८ पासून मातीच्या लहानशा मडक्यातला गरम भात विकू लागले. १९९७ मध्ये नवा जलद मार्ग झाला आणि घाटातला तो लोहमार्ग बंद पडला. मडक्यातला भात मात्र अजून मिळतो. होक्काइदोतल्या मोरी स्थानकावर माकुलाच्या पोटात भात भरून शिजवतात. तो प्रकार १९४१ सालचा, युद्धकाळात तांदूळ अपुरा आणि माकूल भरपूर असतानाचा.

अपुरेपणाची ही गोष्ट हिरोशिमात येऊन गंभीर होते. ओकोनोमियाकी म्हणजे कोबी घातलेले एक प्रकारचे धिरडे. ओसाकात सगळे पिठात कालवून तव्यावर घालतात. हिरोशिमात आधी पातळ धिरडे, त्यावर कोबीचा ढीग, मोड आलेले कडधान्य, डुकराच्या मांसाचे काप, शेवया आणि अंडे असे थर रचतात. युद्धापूर्वी हे मुलांचे खाऊचे एक पैशाचे धिरडे होते. ६ ऑगस्ट १९४५ नंतर त्या शहरात तांदूळ नव्हता, घरे नव्हती, आणि अनेक घरांत मिळवता पुरुष नव्हता. अमेरिकेहून मदतीचे गव्हाचे पीठ आले, कोबी स्वस्त होता, लोखंडाचा पत्रा तापवला की तवा होत असे. अनेक स्त्रियांनी घराच्या पुढच्या खोलीतच दुकान मांडले. आजही तिथल्या पुष्कळ दुकानांच्या नावाच्या शेवटी 'चान' हे लाडाचे संबोधन आढळते. ते त्या बायकांच्या नावांवरून आले असे गावकरी सांगतात. मी खाल्ले ते तव्याच्या कडेलाच बसून, लहान उलथन्याने. चव उत्तम होती हे लिहिताना हात थोडा थांबतो; पण होती.

आता शोधण्याच्या काही व्यवहारी खुणा. दारावर 'नोरेन' नावाचा चिरलेला कापडी पडदा लावलेला असेल तर दुकान उघडे. आत घेतला म्हणजे बंद. दर्शनी काचेत पदार्थांचे हुबेहूब नमुने मांडलेले असतात. १९३२ साली इवासाकी ताकिझो यांनी ओसाकात मेणाचे नमुने करण्याचा धंदा सुरू केला. आता ते प्लॅस्टिकचे असतात. लिपी न येणाऱ्या आपल्यासारख्याला त्यांचा मोठा आधार. मला मात्र भिंतीवर हाताने लिहिलेल्या कागदी पट्ट्या लावलेले दुकान अधिक विश्वासाचे वाटते, कारण त्या रोज बदलतात. 'शोकुदो' म्हणजे साधी खानावळ. तिथे 'तेइशोकु' मागितले की भात, कढण, लोणचे आणि मुख्य पदार्थ असे ताटच येते. आणि उतारघराच्या मालकिणीला "चांगले दुकान कोणते?" असे कधी विचारू नये, ती पाहुण्यांसाठीचे सांगेल. "तुम्ही स्वतः कुठे जेवता?" असे विचारावे.

शाकाहारी वाचकांसाठी एक इशारा. नुसत्या भाजीच्या वाडग्यातही रस्सा बहुधा माशाचा असतो, आणि तो आहे हे सांगायचे वाढणाऱ्याला सुचतही नाही. त्यांनी कोयासान डोंगरावर जावे. वर ज्यांचा उल्लेख आला त्या कूकाइंनीच ८१६ साली मिळवलेली ही जागा. तिथल्या मठांत मुक्काम करता येतो आणि जेवणात कोंबू व सुक्या अळंब्यांचा रस्सा, तिळाचे घट्ट 'तोफू' असे पदार्थ असतात. कारल्याची आठवण झाली तर ओकिनावा गाठावे. तिथे ते 'गोया' नावाने रोजच्या जेवणात असते. फक्त परतताना त्यात अंडे आणि मांस घालू नका, असे बजावून सांगावे लागते.

या खानावळी चालवणारी माणसे बहुतेक साठी-सत्तरीच्या पुढची आहेत, आणि मुले शहरात गेलेली. पहिल्या खेपेस निइगाताकडे ज्या दुकानात मी हेगी सोबा खाल्ला, तिथे दुसऱ्या खेपेस गेलो तेव्हा नोरेन नव्हता. दारावर एक कागद होता. शेजारच्या तांदळाच्या दुकानातल्या बाईंनी सांगितले की म्हाताऱ्याचे गुडघे गेले आणि पीठ मळायला कोणी उरले नाही. मग त्यांनीच विचारले, सोबा खायला आला होतात का? आणि एका पुडीच्या कागदावर पुढच्या स्थानकाचे नाव, तिथून चालत जाण्याचा रस्ता आणि "बारापूर्वी पोचा" असे लिहून दिले. गाडीला अकरा मिनिटे होती.