ब्रेक मारला की गाडी एका बाजूला का ओढते?

डिसेंबर लागला की आमच्या नगर जिल्ह्यातील (आताचा अहिल्यानगर) वस्त्यावस्त्यांतून १ जानेवारीच्या भीमा-कोरेगावची तयारी सुरू होते. पाथर्डीकडील मंडळी करंजी घाट ओलांडून येतात, पारनेरची सुप्याला येऊन मिळतात, आणि सारी नगर-पुणे रस्त्याला लागतात. वर्गणी जमते, जीप ठरते, निळे झेंडे बांधले जातात, भाकऱ्या कोणी करायच्या याची वाटणी होते. गाडीच्या ब्रेकची चौकशी मात्र कोणी करीत नाही. ड्रायव्हर सहज सांगतो, "ब्रेक मारला की जरा डावीकडे ओढते, पण मला सवय आहे."

या सवयीवरच आमचा आक्षेप आहे. सवय त्याच्या हाताला असते. मागे दाटीवाटीने बसलेल्या आयाबहिणींच्या जिवाला तिचा काय उपयोग? हे दिवस उसाच्या हंगामाचे. अंधारात बिनलाइटची ट्रॉली अचानक पुढे आली आणि जोराने ब्रेक मारावा लागला, तर गाडी हातभर नव्हे, अर्धा रस्ता सरकते.

काही गाड्यांना यावर उपाय म्हणून लिंबू-मिरची बांधलेली असते! तथागतांचा कार्यकारणभाव मानणाऱ्यांनी तरी आधी चाकाखाली वाकून पाहावे.

कारण तसे साधे आहे. पुढच्या दोन चाकांपैकी ज्याचा ब्रेक जास्त धरतो, त्या बाजूला गाडी ओढते. पण दोष त्याच चाकात असेल असे नाही, आणि येथेच बहुतेकांची फसगत होते. गाडी डावीकडे ओढते म्हणजे डावा ब्रेक फार धरतो, किंवा उजवा धरतच नाही. आमच्या पाहण्यातील एका जुन्या जीपचे डावे लायनर दोनदा बदलले, पैसे गेले, ओढणे तसेच राहिले. शेवटी एका जाणत्या मिस्त्रीने उजवा ड्रम उघडला. आत व्हील सिलिंडर गळत होता आणि लायनर ब्रेक ऑइलने चिंब भिजले होते. डावे चाक बिचारे एकटेच काम करीत होते.

तपासणी अशी करावी. प्रथम चारही टायरांची हवा पाहावी. निम्मे संशय येथेच मिटतात. मग मोकळ्या, सपाट जागेवर, माणसे न बसवता, ताशी ३० च्या वेगाने गाडी चालवावी. ब्रेक न मारताही ओढत असेल तर हवा, अलाइनमेंट किंवा अडकून राहिलेला ब्रेक पाहावा. आपले रस्ते कडेला उतरते असतात, त्यामुळे डावीकडचा थोडा कल दोष समजू नये. फक्त ब्रेक मारतानाच ओढत असेल तर दोष बहुधा ब्रेकमध्ये, क्वचित पुढच्या आर्मच्या झिजलेल्या बुशमध्ये असतो.

चार-पाच वेळा ब्रेक मारून थांबावे आणि पुढच्या दोन्ही चाकांजवळ तळहात न्यावा. डिस्कला मात्र हात लावू नये, भाजेल. एक चाक गार राहिले तर त्याचा ब्रेक काम करीत नाही. ब्रेक न मारताही एक चाक तापत असेल तर ते अडकते आहे. नगरजवळच्या व्हीआरडीई या संरक्षण खात्याच्या वाहन संशोधन संस्थेत ब्रेक यंत्रांवर तपासतात. आपले पहिले काम तळहातावर भागते.

अडकलेल्या चाकाची परीक्षा मिस्त्रीसमोर उभे राहून करून घ्यावी. चाक उचलून, खाली घोडी लावून, ब्रेक दाबून सोडावा आणि चाक हाताने फिरवावे. फिरत नसेल तर ब्लीडिंगचा निपल किंचित सैल करावा. लगेच मोकळे झाले तर ऑइल परत जात नाही, म्हणजे रबरी होज आतून फुगला असण्याचा संभव फार. तरीही घट्टच राहिले तर कॅलिपरचा पिस्टन किंवा पिना गंजल्या आहेत. आतले पॅड बाहेरच्यापेक्षा फार झिजले असेल तरी पिनांवरच संशय घ्यावा. पॅड वा लायनर बदलायचे तर दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावेत. एकाच बाजूचे नवे घालणे म्हणजे पुन्हा तेच दुखणे. आणि ड्रममधली धूळ पोऱ्याला फुंकायला लावू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे, ते फुफ्फुसाला घातक. ओल्या फडक्याने पुसावी.

१९२९ साली चाळीसगावला काय घडले ते आपल्या समाजाला ठाऊक आहे. अस्पृश्याचा टांगा हाकायला टांगेवाला तयार नव्हता. बाबासाहेबांना पायी न्यायचे नाही म्हणून आपल्याच एका माणसाने, कधी न हाकलेला टांगा हाकला. पुलावर अपघात झाला, बाबासाहेबांचा पाय मोडला. त्या माणसाच्या प्रेमात कमी नव्हती, हात मात्र शिकलेला नव्हता. तेव्हा दुसरा टांगेवाला मिळत नव्हता. आज आपल्याला दुसरी जीप मिळते, मिस्त्रीही मिळतो.

कायदाही आपल्या बाजूने आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम १९० प्रमाणे, धोका होईल असा दोष माहीत असताना, किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता असा दोष असताना, गाडी रस्त्यावर चालवणे गुन्हा आहे. "सवय आहे" म्हणणाऱ्याने दोष माहीत असल्याची कबुलीच दिलेली असते.

म्हणून मंडळांनी इसार देण्यापूर्वीच दोघांनी मोकळ्या मैदानात गाडी चालवून पाहावी. निघण्याच्या आदल्या रात्री नव्हे, आठवडाभर आधी. नगरला सुटे भाग शोधायला एक दिवस तरी जातोच.