ऑर्किड आणि कोल्हापूरची हवा

वास्तुशांतीला किंवा वाढदिवसाला हल्ली पुष्पगुच्छाऐवजी फुललेल्या ऑर्किडची कुंडी देतात. पांढरं नाहीतर जांभळट फॅलेनॉप्सिस, देठाला हिरवी काडी आणि काडीला चिमटे. फुलं दोन-अडीच महिने टिकतात. ती गळली की घरातली मंडळी म्हणतात, ‘झाड मेलं’, आणि कुंडी गच्चीच्या कोपऱ्यात जाते. वर ठरलेलं वाक्य असतंच : हे थंड हवेचं झाड, आपल्याकडे होत नाही.

आपल्याकडे म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात! राधानगरी, दाजीपूर, गगनबावडा, चंदगड या पट्ट्यात ऑर्किडं शेकडो वर्षं आपली आपण वाढताहेत. महाराष्ट्रात त्यांच्या शंभराहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या बऱ्याचशा सह्याद्रीतल्या. फादर सांतापाव आणि कपाडिया यांचं ‘द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’ १९६६ साली आलं. शिवाजी विद्यापीठातून श्रीरंग यादव आणि मिलिंद सरदेसाई यांनी केलेली जिल्ह्याची वनस्पतिसूची २००२ साली निघाली. एका जिल्ह्यापुरतं एवढं काम सगळ्यांच्या नशिबी नसतं. घरी ऑर्किड लावणाऱ्यांपैकी किती जणांनी ही पुस्तकं उघडली असतील, हा प्रश्न मी विचारत नाही.

घाटातलं वर्षाचं वेळापत्रक पाहिलं तरी निम्मी शिकवणी होते. डेंड्रोबियम बार्बॅट्युलम थंडीत पानं टाकतं आणि उन्हाळ्याच्या तोंडावर नागव्या कांड्यांवर पांढरी फुलं धरतं. मे-जूनमध्ये सीतेची वेणी झाडांवरून लोंबते. आसाममध्ये हेच फूल बिहूला बायका केसात माळतात, आणि ते त्या राज्याचं राज्यफूलही आहे. हबेनारिया जमिनीतली, पावसाळ्यात उगवतात, फुलतात आणि मग कंद मातीत ठेवून गडप होतात. सगळ्यांचा नियम एकच, चार महिने भरपूर पाणी आणि नंतर लांबलचक कोरड. आपण घरी बाराही महिने तांब्याने पाणी घालतो.

झाडावरच्या ऑर्किडला गावाकडे सर्रास बांडगूळ म्हणतात. तो अन्याय आहे. बांडगूळ आंब्याच्या खोडात मुळं खुपसून त्याचा रस पितं. ऑर्किड फक्त बसायला फांदी मागतं. त्याची मुळं हवेत असतात आणि त्यांच्यावर मेलेल्या पेशींचं जाडसर आवरण असतं. व्हँडाचं मूळ हातात घेऊन बघा. कोरडं असताना चंदेरी-पांढरं दिसतं. पाण्याचा फवारा मारला की बघता बघता हिरवं होतं, कारण भिजलेलं आवरण पारदर्शक होऊन आतलं हरितद्रव्य दिसू लागतं. पाणी कधी द्यायचं हे मूळच सांगतं : पांढरं असेल तर द्या, हिरवं असेल तर थांबा. असलं मूळ काळ्या मातीत पुरलं की आठवड्या-पंधरवड्यात कुजलंच समजा. म्हणून कुंडीत लाकडी कोळसा, विटांचे तुकडे, नारळाची सोडणं. माती नको, शेणखत नको.

शहराची हवा मात्र घाटाची नाही. गगनबावड्याला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि पन्नास-पंचावन्न किलोमीटरवरच्या कोल्हापुरात हजाराच्या आसपास. एप्रिलच्या दुपारी हवेतला ओलावा पार आटतो. म्हणून माझं मत विचाराल तर सुरुवात संकरित डेंड्रोबियमने करावी. पन्नास टक्क्यांच्या हिरव्या जाळीखाली, सकाळच्या उन्हात ते मजेत राहतं. फुलून गेलेल्या जुन्या कांड्या वाळल्याशिवाय कापू नयेत. त्यांत अन्न साठलेलं असतं आणि कधी कधी त्यांच्याच पेरांवर पिल्लू फुटतं.

फॅलेनॉप्सिसला सावली जास्त लागते, पण त्याच्या फुलण्याचं गुपित थंडीत आहे. रात्री तीन-चार आठवडे पारा सोळा-अठराच्या आसपास उतरला की नवा तुरा निघतो. कार्तिक ते पौष आपल्याकडे नेमक्या अशाच रात्री असतात. बंद हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवलेल्या झाडाला त्या कळतच नाहीत, आणि मग ‘पुन्हा फुललंच नाही’ ही तक्रार. थंडीत ते व्हरांड्यात काढा. पावसात मात्र वरच्या पानांच्या बेचक्यात पाणी साचू देऊ नका, गाभा कुजतो. व्हँडाला रोज फवारे लागतात; घरात कायम माणूस असेल तरच त्याच्या वाटेला जावं.

बोअरचं पाणी टाळावं. त्यातल्या क्षारांचा पांढरा थर मुळांवर चढतो. पावसाचं पाणी पिंपात भरून ठेवलं तर उत्तम. खताला लांब जायला नको. ठिबकवर उसाला सोडतात ते एकोणीस-एकोणीस-एकोणीस इथंही चालतं, फक्त लिटरला अर्धा-एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा. उसाचा हात इथं आवरावा लागतो. पिठ्या ढेकूण दिसला तर ओल्या कापडाने पुसावा, आणि पावसाळ्यात रात्री बॅटरी घेऊन गोगलगायी वेचाव्यात. मुळांची कोवळी टोकं त्या एका रात्रीत खातात.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. दाजीपूरच्या सहलीहून येताना गाडीच्या डिकीत सीतेची वेणी आणणारे महाभाग आहेत. राधानगरी अभयारण्यातून झाड उपटणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. शिवाय ते जगण्याची शक्यताही कमीच. ऑर्किडचं बी धुळीसारखं बारीक असतं, त्यात पोसायला साठा नसतो आणि रानात ठरावीक बुरशी भेटली तरच ते रुजतं. म्हणजे उचललेल्या एका झाडाची भरपाई व्हायला बराच काळ जातो. १९२२ साली अमेरिकेत लुईस नडसन यांनी बुरशीशिवाय, साखर घातलेल्या अगारवर ते बी रुजवून दाखवलं. पुढे ऊतिसंवर्धन आलं, आणि एके काळी संस्थानिकांनाच परवडणारं झाड आता नर्सरीत कुणालाही घेता येतं. मग रानावर हात कशाला?

परसात आंबा किंवा चिकू असेल तर डेंड्रोबियमचं पिल्लू कुंडीत न लावता फांदीवरच चढवा. वेळ मिरगाच्या आधीची. पिल्लाला बोटभर लांबीची मुळं हवीत. सकाळचं ऊन लागेल अशी आडवी फांदी निवडा, खाली सोडणाचा तुकडा ठेवा आणि जुन्या सुती कापडाच्या पट्टीने बांधा. तार वापरू नका, ती सालीत रुतते. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत मुळं साल धरतात आणि कापड कुजून आपोआप पडतं.